आधी समोरच्याचं सांग

आमच्या गल्लीत गेली काही वर्षं सुखाने भांडायची सोय उरली नव्हती. कोणाचा आवाज जरा चढला, की शेजारच्या घराच्या वरच्या मजल्यावरून उमाताई मुळावकर कठड्यावरून वाकून बघायच्या आणि आत कोणाला तरी सांगायच्या, "जा गं, दोघांचंही लिहून आण." मग जिन्यावरून एखादी मुलगी नाहीतर मुलगा कागद-पेन घेऊन खाली यायचा, भांडणाऱ्यासमोर अदबीने उभा राहायचा आणि विचारायचा, की अंकलजी, काय झालं ते पहिल्यापासून सांगा. आता भांडणात पहिल्यापासून कोण सांगतो? माणूस हातात सापडेल तिथून सुरू करतो. पहिल्यापासून सांगायला बसलं की निम्मा राग तिथेच जातो, आणि उरलेला त्या पोराच्या "फिर?" आणि "उसके बाद?" मध्ये जातो.

ही गल्ली जबलपूरच्या गोरखपूर भागातली. बाजार इतका जवळ की भाजीवाल्यांची ओरड देवघरापर्यंत येते. निम्म्या घरांत आमच्यासारखी माणसं, म्हणजे आजोबा किंवा वडील कधीतरी वऱ्हाडातून फॅक्टरीत किंवा रेल्वेत नोकरीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि उंबरठ्यावर दोन्हींची खिचडी. मी स्वतः फॅक्टरीत फोरमन होतो. उमाताईंचे यजमान रेल्वेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा निखिल पुण्याला बँकेत. उमाताई एका लॉ कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्या स्वस्थ बसतील असं आम्हाला वाटलं होतं, म्हणजे आम्ही त्यांना ओळखत नव्हतो.

दिसायला बाई ठेंगणी. सुती साडी, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ, आणि बारा महिने हातात छत्री. छत्री उन्हासाठी नव्हती आणि पावसासाठीही नव्हती. रस्ता ओलांडताना त्या ती आडवी धरायच्या आणि ऑटोवाले मुकाट्याने थांबायचे. भाजीवाल्याशी मराठीत बोलायच्या, आमच्याशी मध्येच हिंदीत, आणि दोघांनाही कळतंय की नाही याची चौकशी करायच्या नाहीत. स्वयंपाक त्यांना येत नव्हता आणि हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांचे पोहे खाऊन वरून पाणी प्यावं लागायचं. शिकायला येणारी पोरं काही न बोलता खायची, आणि माझी बायको शोभा रविवारी मुद्दाम जास्तीचा भात टाकायची.

रविवार म्हणजे पोरांचा दिवस. त्याची सुरुवात कशी झाली ते त्यांनीच मला सांगितलं होतं. निवृत्तीनंतर काही कामाने त्या हायकोर्टात गेल्या होत्या. तिथे एका न्यायमूर्तींच्या चेंबरमध्ये तीन-चार तरुण मुलं फायलींत डोकं घालून बसलेली त्यांना दिसली. ते लॉ क्लर्क. वर्षभर न्यायमूर्तींच्या हाताखाली राहायचं, फाइल वाचून तिचं सार काढायचं, जुने निकाल शोधून द्यायचे. एवढं वर्ष नीट काढलं की पुढे वकिली करा नाहीतर स्वतः जज व्हायच्या परीक्षेला बसा, मान वर करून जाता येतं. उमाताईंनी चौकशी केली, तर सगळी दूरच्या मोठ्या कॉलेजांतली मुलं. वाईट नव्हती, हुशार होती, पण त्यांच्या वर्गातलं एकही नव्हतं. त्यांचा वर्ग म्हणजे दिवसा दुकानात काम करून संध्याकाळी शिकणारी पोरं. कोणाची आई विड्या वळणारी, कोणाचा बाप झाडूवाला, कोणी मंडला-डिंडोरीच्या खेड्यातून आलेलं. मला वाटलं, निवडीत मागे पडली असतील. तर त्या म्हणाल्या, "नापास झाले असते नं वसंतराव, तर मला एवढं लागलं नसतं. हे तर अर्जच नाही करून राहिले. असं काही काम असते, हेच यांना कोणी सांगितलं नाही."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. सांगणं सोपं नव्हतं. पोराला पटलं तर बापाला पटायचं नाही. एवढी वकिली शिकून शेवटी क्लर्क, हा प्रश्न प्रत्येक घरात निघायचा, आणि उमाताई प्रत्येक घरात जाऊन, तिथला चहा पिऊन, तो निस्तरायच्या.

शिकवायची त्यांची तऱ्हा मात्र जगावेगळी होती. त्यांचं म्हणणं, कायदा पुस्तकात मिळेल, क्लर्कला त्याआधी दोन माणसांचं म्हणणं नीट ऐकता आलं पाहिजे. म्हणून गल्लीतली भांडणं. पोरांनी दोन्हीकडे जाऊन ऐकायचं आणि एका पानात लिहायचं. विशेषण एकही चालायचं नाही. "झालं ते लिही, वाटलं ते नको," हे त्यांचं पहिलं सूत्र. दुसरं त्याहून कठीण होतं. मनातून ज्याची बाजू पटली असेल, त्याचं नंतर मांडायचं. "आधी समोरच्याचं सांग." आणि पान पुरं झालं की ते दोघा भांडणाऱ्यांना बसवून वाचायचं. दोघांनीही "हो, हेच माझं म्हणणं," असं म्हटल्याशिवाय पान पास नाही.

पहिलं गिऱ्हाईक मीच होतो. मागच्या दुबेजींच्या शेवग्याची फांदी आमच्या गच्चीवर यायची. शेंगा आम्ही तोडायचो. ते म्हणायचे झाड माझं, मी म्हणायचो गच्ची माझी. यावरून आमचं बोलणं बंद होतं. उमाताईंनी दोन पोरांना धाडलं. मी मोठ्या उत्साहाने सांगायला सुरुवात केली, की तो आडमुठा दुबे. तो पोरगा पेन थांबवून नम्रपणे म्हणाला, की अंकलजी, आडमुठा लिहिता येणार नाही, त्यांनी काय केलं ते सांगा. मी विचार करत बसलो. त्यांनी खरं तर काहीच केलं नव्हतं, फक्त एकदा मोठ्याने "राम राम" म्हटलं होतं आणि तो मला टोमणा वाटला होता.

रविवारी आम्हा दोघांना समोरासमोर बसवून पान वाचलं गेलं. त्यात दुबेजींचं म्हणणं असं होतं, की हा शेवगा माझ्या आईने लावला, शेंगा कोणीही खाव्यात, पण कोणी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. दुबेजी खाली बघून "जी, सही है," म्हणाले. माझं म्हणणं वाचलं तेव्हा मीही हो म्हटलं, पण ते ऐकायला मला फारसं बरं वाटलं नाही. निकाल कोणी दिलाच नाही. त्या संध्याकाळपासून शेंगा पिशवीत बांधून दुबेजींकडून पुढच्या दाराने यायला लागल्या, आणि शोभाच्या आमटीची वाटी मागच्या दाराने त्यांच्याकडे.

या प्रकरणानंतर उमाताईंनी मला जज नेमलं. पोरांच्या मुलाखतीची तालीम घ्यायला समोर कोणी तरी हवं होतं. मी म्हटलं, मला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही. त्या म्हणाल्या, "काही कळायची गरज नाही. तुमच्या चेहऱ्यावरून कोणालाच काही समजत नाही, जज व्हायला एवढं पुष्कळ झालं." तेव्हापासून गल्लीत मी जजसाहेब. दर रविवारी त्यांच्या हॉलमधल्या वेताच्या खुर्चीत बसायचं आणि त्यांनी लिहून दिलेले प्रश्न जाड आवाजात विचारायचे.

अशा त्या रविवारांत फुलवती आली. फुलवती मरावी, डिंडोरीकडची गोंड मुलगी, बाप गावच्या शाळेत शिपाई. बोलायची कमी, लिहायची सुरेख. तिच्या पानात एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नसायची. उमाताई तिचं पान वाचताना चष्मा काढून पुसायच्या, हे त्यांचं प्रशस्तिपत्र. तोंडाने मात्र फक्त "ठीक आहे" म्हणायच्या.

लॉ क्लर्कच्या मुलाखतीला ती पहिल्यांदा गेली आणि हात हलवत परत आली. काय झालं ते उमाताईंनी तिच्याकडून पहिल्यापासून काढून घेतलं. समोर तीन न्यायमूर्ती. एकाने प्रश्न विचारला, ही उठून उभी राहिली. त्यांनी बसायला सांगितलं. दुसऱ्यांनी विचारलं, ही पुन्हा उभी. तिच्या घरी, शाळेत, वसतिगृहात वडीलधारं माणूस बोललं की उभं राहायचं, ही रीत हाडात मुरलेली. तिघेही भले होते, बसा बसा म्हणत होते, पण तिचं सगळं लक्ष उठण्या-बसण्यात गेलं आणि उत्तरं राहून गेली.

 दुसऱ्या दिवशी उमाताई छत्री घेऊन घरोघर फिरल्या. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला त्यांनी एकच गोष्ट सांगितली: फुलवती दिसली की तिला हाक मारा, काहीतरी विचारा, आणि ती बसूनच उत्तर देईल, तेव्हा राग मानू नका. दुबेजींच्या अम्मांना हे मुळीच पटलं नाही. पोरगी बसून राहील आणि मी उभी, हे कुठलं शिक्षण, म्हणाल्या. उमाताई त्यांच्याशी तासभर वाद घालत बसल्या. शेवटी अम्मांनीच तोड काढली, की मग मीपण बसते. त्यानंतर महिनाभर आमच्या गल्लीत एक विलक्षण देखावा होता. फुलवती ओट्यावर बसलेली, आणि येणारा-जाणारा प्रत्येक म्हातारा तिला काहीबाही विचारतोय. सुरुवातीला ती दगडाला धरून बसायची. मग हात सुटले. एक दिवस मी स्वतः, जजसाहेब, समोर जाऊन उभा राहिलो आणि जाड आवाजात विचारलं, की आज भाजी कोणती. तिने बसल्या जागेवरून शांतपणे सांगितलं, "लौकी, अंकलजी. और आपके यहाँ भी लौकी ही है." आमच्याकडे खरोखरच दुधी होता. वर कठड्याशी उमाताई टाळ्या वाजवत होत्या.

इथे एक अडचण सांगायला हवी. निखिल कित्येक वर्षं आईला पुण्याला चल म्हणून मागे लागला होता. त्याचंही बरोबर होतं. बाईंना फोन उचलायची सवय नव्हती. फोन पोळ्यांच्या डब्यावर पडलेला असायचा आणि त्या गच्चीवर. एकदा न्हाणीघरात घसरून पडल्या, मनगट सुजलं, आणि त्याला ते कळलं शोभाकडून, तेही आठवड्याने. त्या दिवाळीला तो आला तेव्हा हटूनच बसला. शेवटी उमाताई आमच्यादेखत म्हणाल्या, की माझ्या पोरांपैकी एक जण जजच्या चेंबरमध्ये बसू दे, मी येते. निखिल बँकेतला माणूस. त्याने लगेच माझ्याकडे वळून विचारलं, "काका, तुम्ही साक्षीदार नं?" मी हो म्हटलं.

तेव्हापासून आमची पंचाईत झाली. निखिल पुण्याहून पोरांसाठी पुस्तकांची खोकी पाठवायला लागला. फोनवर आईच्या आधी फुलवतीची चौकशी. शोभा मात्र देवापुढे बसली की अडखळायची. पोरीला यश दे म्हणावं, तर बाई जाणार, आणि बाई राहू दे म्हणावं, तर पोरीचं वाईट चिंतल्यासारखं. शिक्षण संपून फार काळ लोटला की या कामाला अर्ज चालत नाही, म्हणजे फुलवतीला ही शेवटची संधी होती. हुकली असती तर तिने गावाकडे जाऊन वसतिगृहात नोकरी धरायचं ठरवलं होतं. मी शोभाला म्हटलं, तू पोरीसाठीच माग. बाईंनी जाऊ नये असं मलाही वाटत होतं, पण दुसरं काही मागण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या मुलाखतीच्या दिवशी ती सिव्हिल लाइन्सकडे हायकोर्टात गेली आणि आम्ही सगळे उमाताईंच्या हॉलमध्ये बसून राहिलो. दुपारी ती आली ती रडवेली. बसून राहिली होती, उत्तरंही दिली होती. पण मध्येच एका न्यायमूर्तींनी एका मुद्द्यावर तिचं मत खोडलं. तिला काय वाटलं कोण जाणे, तिने रविवारच्या सवयीने आधी त्यांचं म्हणणं मांडलं, त्यांनी मांडलं होतं त्याहून नीट, आणि मग त्यांना चक्क विचारलं, की सर, आपकी बात मैंने ठीक रखी ना?  मग तिने आपलं मत तरीही वेगळं का आहे ते सांगितलं आणि बाहेर आली. आता सगळं संपलं, असं तिचं म्हणणं होतं. उमाताईंनी तिला पोह्यांची बशी दिली आणि म्हणाल्या, "संपलं की नाही ते तुला वाटलं. झालं काय, ते यादी लागेल तेव्हा कळेल."

यादी लागली. फुलवतीचं नाव होतं. दुबेजींनी खव्याची जलेबी आणली, अम्मांनी फुलवतीला समोर बसवून भरवली, आणि शोभा एकाच वेळी हसत आणि रडत होती. उमाताईंनी चष्मा काढून पुसला.

आणि मग आमच्या उमाताई, शब्दाच्या पक्क्या उमाताई, चक्क मागे सरकायला लागल्या. एक निवडली गेली म्हणून काय झालं, म्हणाल्या, एखादं योगायोगानेही होऊ शकते. आणखी दोन-चार तर होऊ दे. आम्ही आनंदाने माना डोलावल्या. निखिलने मात्र तिकीट काढलं आणि तो येऊन थडकला. आईशी वाद घालून उपयोग नाही हे त्याला लहानपणापासून ठाऊक. तो म्हणाला, "आई, तुझ्याच पद्धतीने होऊ दे. फुलवती लिहील."

उमाताई तयार झाल्या. फुलवतीला म्हणाल्या, की लिही, आणि मला झुकतं माप देऊ नको. मनातून बहुधा त्यांना खात्री होती. फुलवती कोणाच्या बाजूची, हे गल्लीतल्या मांजरालाही माहीत होतं.

रविवारी सगळे जमले. मी वेताच्या खुर्चीत. फुलवती पान घेऊन बसली आणि तिने आधी निखिलचं वाचलं. आई पडली हे मला शेजाऱ्यांकडून कळलं. फोन वाजत राहतो, कोणी उचलत नाही, आणि मी चार माणसांत बसलेला असतो पण माझं तिथे लक्ष नसतं. आईने काम सोडावं असं मी म्हणत नाही, मला फक्त रात्री झोप लागावी. निखिल खाली बघत म्हणाला, हो, हेच. उमाताई मुलाकडे बघत राहिल्या. एवढं सलग त्याचं त्यांनी कधी ऐकलं नसावं.

मग त्यांचं. पुण्यात मी निखिलची आई असेन, इथे मी मॅडमजी आहे. रविवारी माझी वाट बघणारी माणसं आहेत. मला काम संपलं म्हणून जायचं नाही. उमाताई म्हणाल्या, "बरोबर आहे."

फुलवती थांबली. पान अजून संपलं नव्हतं, हे त्यांना बसल्या जागेवरून दिसत होतं. "पुढे वाच," त्या म्हणाल्या.

फुलवतीने वाचलं, पण आवाज फार लहान झाला होता. दोन्ही पक्षांना मान्य आहे, की मॅडमजींनी साक्षीदारासमोर शब्द दिला होता. शब्द एका मुलाचा होता, दोन-चारांचा नव्हता. ती अट पूर्ण झाली आहे.

 उमाताईंनी विचारलं, "मी जावं असं तुला वाटते का?"

"नहीं, मॅडमजी."

"मग हे काहून लिहिलं?"

"क्योंकि ये हुआ था, मॅडमजी."

 उमाताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जजसाहेब, निकालाची तसदी घेऊ नका. मी माझा दावा मागे घेते." आणि इतक्या मोकळ्या हसल्या, की निखिललाही हसू फुटलं. आता हिच्यावर कोणीही जज विसंबू शकतो, असं त्या त्यालाच पुन्हा पुन्हा सांगत होत्या. त्या उठल्या तशी फुलवती उठून उभी राहिली. या वेळी तिला कोणी बस म्हटलं नाही.

आता रविवारी पोरं आमच्या ओसरीवर येतात. फुलवती कोर्टातून सुट्टी असली की येऊन शिकवते, शोभा पोहे करते, आणि मी अजून जाड आवाजात प्रश्न विचारतो. उमाताई फोनवर पानं ऐकतात. पुण्याला गेल्यापासून फोन पहिल्या घंटीला उचलतात.

त्या गेल्या त्या दिवशी स्टेशनवर निम्मी गल्ली होती. दुबेजींनी शेवग्याच्या शेंगा बांधून दिल्या होत्या, अम्मांनी जलेबी. निखिल सामान लावत होता. छत्री उमाताईंच्या हातात होती. आम्ही खिडकीशी गर्दी केली, आता काहीतरी बोलणं होईल म्हणून. तेवढ्यात डब्यात खालच्या बर्थवरून दोन माणसांची जुंपली. एक म्हणे माझं तिकीट, दुसरा म्हणे माझ्या वडिलांचे गुडघे. उमाताईंनी आमच्याकडे पाठ केली, छत्री दोघांच्या मध्ये आडवी धरली, आणि आम्हाला प्लॅटफॉर्मवर स्वच्छ ऐकू आलं, "रुकिए. पहले आप इनकी बात बताइए. फिर ये आपकी बताएँगे." निखिलने कपाळावर हात मारला.

गाडी हलली. आम्ही सगळ्यांनी हात हलवले, फुलवतीने तर गाडी दिसेनाशी होईपर्यंत. उमाताईंनी मात्र हात केला नाही. त्यांचं लक्ष नव्हतं, त्या ऐकत होत्या.